कोठाराचं घर करायचंय? आधी एक हिवाळा थांबा

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं लाकडी चौकटीचं जुनं कोठार घेतलंत, मनापासून अभिनंदन! पण स्वयंपाकघराचे नकाशे काढण्याआधी एक हिवाळा नुसतं बघा: पाणी कुठे गळतं, वारा कुठून शिरतो, ओल किती चढते.

सगळ्यात आधी जमिनीलगतची आडवी तुळई तपासा. बारीक स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला की तिथे कूज आहे. ओक वरून भुसभुशीत दिसला तरी गाभा पुष्कळदा टणक असतो, म्हणून अख्खा खांब बदला म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. कुजलेला तेवढाच भाग कापून नवं लाकूड सांधता येतं. आमच्याकडे आधीच्या मालकाने तळाशी सिमेंट थापलं होतं. ओल आत कोंडली आणि तुळई बोटांनी कुस्करेल इतकी सडली. चुनाच वापरा, तो ओल बाहेर जाऊ देतो.

सांध्यांजवळ टॉर्च तिरका धरा. सुतारांनी कोरलेल्या, रोमन आकड्यांसारख्या खुणा दिसतील. कुठलं लाकूड कुठे बसवायचं त्याच्या. त्या घासू नका, सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून सफाई, तर नकोच!

इमारत संरक्षित यादीत असेल तर आतल्या बदलांनाही संमती लागते. विनासंमती काम हा फौजदारी गुन्हा आहे. जुन्या कोठारात वटवाघळं राहत असू शकतात आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची पाहणी ठरावीक ऋतूतच होते, तो वेळ धरून चाला.

मधली उंच पोकळी मात्र मजले घालून भरू नका. एसेक्समधल्याच क्रेसिंग टेंपल या ठिकाणी 13व्या शतकातली दोन कोठारं उभी आहेत. तिथे आत उभे राहून वर बघा, मग आराखडा करा.