मनातलं विचारा : पीटरचा ससा आणि बागेतला बाक

या वेळी पत्रं बरीच आलीयत आणि त्यातली निम्मी भीतीबद्दलचीच, त्यामुळे तिथेच जरा जास्त रेंगाळणार आहे. कॉलेजात सायकॉलॉजी शिकवायचे तेव्हा पोरांना फ्रॉइड हवा असायचा, स्वप्नं वगैरे, आणि मला एका बाईंबद्दल बोलायचं असायचं, पण त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत बेल व्हायची. आज बेल नाहीये.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवाळीत सोसायटीच्या गेटजवळ एक भटका कुत्रा त्याच्या अंगावर भुंकत आला. चावला नाही, पण तेव्हापासून हा खाली खेळायलाच जात नाही, कुत्र्याचं चित्र असलेलं पुस्तकसुद्धा मिटून कपाटात टाकतो. सासूबाई म्हणतात एकदा धरून कुत्र्यासमोर उभा करा, भीती मोडेल. मिस्टर चिडवतात, "एवढा मोठा घोडा आणि घाबरतो!" मला दोन्ही पटत नाही, पण मग करू काय? – एक आई, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे, आणि हे शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एका बाईंनी तपासून बघितलंय.

आधी थोडं मागचं सांगते. जॉन वॉटसन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की बहुतेक भीती आपण शिकतो, जन्मतः घेऊन येत नाही. ते दाखवायला त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरला एका तान्ह्या बाळावर प्रयोग केला, १९२० साली छापून आला. बाळ साधारण अकरा महिन्यांचं, पांढऱ्या उंदराशी मजेत खेळणारं. त्याने उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा, धाडकन आवाज, बाळ दचकायचं. असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं, मग ससा, कुत्रा, फरचा कोट, सगळ्यालाच. तुमच्या मुलाचं पुस्तक मिटणं आठवलं ना? भीती एका कुत्र्यापाशी थांबत नाही, चित्रापर्यंत पसरते. त्या बाळाची भीती मात्र घालवलीच नाही कुणी, ते हॉस्पिटलमधून निघून गेलं आणि विषय संपला. आज असा प्रयोग कुणी करायला गेलं तर कमिटी दारातच अडवेल, आणि अडवावंच.

आता माझ्या बाई. मेरी कव्हर जोन्स. वॉटसनचं भाषण ऐकून यांच्या डोक्यात उलटा प्रश्न आला, भीती शिकवता येते तर विसरवता का नाही येणार? त्यांना पीटर नावाचा मुलगा मिळाला, दोन वर्षं दहा महिन्यांचा, ससा, उंदीर, फर, पिसं, कापूस सगळ्याला घाबरणारा. १९२४ साली त्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं. त्याला उंच खुर्चीत बसवायचं, आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या त्या टोकाला, म्हणजे साधारण बारा फुटांवर. मग चार फूट. मग तीन. मग पिंजरा जवळ, मग ससा मोकळा खोलीत, मग कुणीतरी हातात धरलेला. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देत होता! खेळायला सोबत न घाबरणारी मुलंही असायची, त्यांना बघूनही तो धीट होत गेला.

आणि मध्येच एक घोळ झाला, तो मला सगळ्यात आवडतो कारण आपल्याकडेही असंच होतं. पीटरला स्कार्लेट फीव्हर (अंगावर लाल पुरळ उठणारा संसर्गाचा ताप) झाला, जवळपास दोन महिने हॉस्पिटलात. परत निघताना टॅक्सीत बसतोय तेवढ्यात एक मोठा कुत्रा पळत येऊन त्याच्यावर आणि नर्सवर उडी मारतो. झालं, सगळी मेहनत पाण्यात, भीती पहिल्यासारखी. तोवर फक्त त्या न घाबरणाऱ्या मुलांसोबतचा खेळच चालू होता, वर सांगितलेला खाऊचा उपाय खरं तर त्यानंतर सुरू झाला. तेव्हा तुमचंही मध्येच घसरलं तर आता काही खरं नाही असं समजू नका, पुन्हा लांबून सुरू करायचं.

बाईंनी इतर मुलांवर बाकीचे उपायही करून बघितले होते : समजावून सांगणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, आपोआप विसरेल म्हणून सोडून देणं आणि हो, चिडवणंही. त्यातल्या कशावर विसंबता येईल असं त्यांना दिसलं नाही. चिडवण्याने तर काही मुलांची भीती वाढलेलीच दिसली. हा पॅरा मिस्टरांना वाचून दाखवा. (सासूबाईंना नको, उगाच वाद.)

मग तुम्ही काय करायचं? ओळखीत कुणाचा तरी वयस्कर, शांत, पट्टा लावलेला पाळीव कुत्रा शोधा. भटक्यावर प्रयोग अजिबात नको, रेबीज हा काही गमतीचा विषय नाही. पोराला बाकावर बसवून पॉपकॉर्न द्या आणि कुत्रा मैदानाच्या पलीकडे असू द्या. हातावर लक्ष ठेवा. पॉपकॉर्न तोंडाकडे जाणारा हात थांबला की कुत्रा फार जवळ आलाय, चार पावलं मागे घ्या. ही घाई महागात पडू शकते, बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की बेताने नाही केलं तर मूल सशाला सरावायच्या ऐवजी खाऊलाच घाबरायला लागेल. रोज दहा मिनिटं बास. पुढे जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी मोठ्या माणसांसाठी याच धाटणीची पायरीपायरीची उपचारपद्धत बसवली आणि जोन्सबाईंना वर्तनोपचाराची, म्हणजे सवयीने शिकलेलं वागणं सवयीनेच बदलण्याच्या उपचाराची, आई म्हटलं गेलं, पण परीक्षेत पाच मार्कांना विचारतात तो वॉटसन! महिना दीड महिना करूनही काहीच हललं नाही किंवा झोपेत ओरडत उठायला लागला तर मात्र मुलांच्या समुपदेशकाला दाखवा.

प्रश्न : वय २४, आयटीत आहे, पुण्यात. मीटिंगमध्ये उत्तर माहीत असूनही तोंड उघडत नाही, घशाला कोरड पडते. घरी मुली बघणं सुरू झालंय आणि मला फोनवर बोलायचंय म्हटलं तरी पोटात गोळा येतो. आधी कॉन्फिडन्स यायला हवा ना, मग बोलता येईल?

उत्तर : तुला अरेतुरे करते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. नाही रे, क्रम उलटा आहे. आधी बोलायचं, कॉन्फिडन्स नंतर रडतखडत येतो.

अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचा जनक. १९५५ च्या सुमारास त्याने ती मांडली. तो एकोणीस वर्षांचा असताना तुझ्याहून वाईट अवस्थेत होता, मुलीशी एक वाक्य बोलायची टाप नव्हती. पण त्याने वॉटसन आणि वरच्याच जोन्सबाईंचे प्रयोग वाचलेले, म्हणून ठरवलं की आपणच पीटर व्हायचं आणि आपणच ससा जवळ आणायचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात अशा १३० जणी. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी गप्पा झाल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा. मिळालं काय तर एवढंच कळलं की कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावला नाही, आपण जिवंत आहोत. (तू आज पार्कात जाऊन हे करू नकोस, काळ वेगळा आहे आणि बायकांना निवांत बसू द्यावं.)

त्याची पद्धत मराठीत समजायला फार सोपी आहे, कारण आपल्याकडे 'च' आहे. मीटिंगमध्ये नीट बोलता आलं तर बरं, ही इच्छा झाली. नीट बोलता आलं'च' पाहिजे, ही मागणी झाली, आणि तुझी घशाची कोरड त्या 'च'मध्ये आहे. महाराष्ट्रात हे विचार आणले ते किशोर फडके यांनी, त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता.

एलिस पेशंटना गृहपाठ द्यायचा, ट्रेनमध्ये येणाऱ्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडा म्हणे. तू एवढं कर, उद्याच्या मीटिंगमध्ये एक मुद्दाम साधा प्रश्न विचार, "हे परत सांगाल का?" टाइप. परवा दोन. मुलीला फोन केलास तर पहिलंच वाक्य, "मला फोनवर बोलताना टेन्शन येतं." बघ पलीकडून काय येतं ते, बहुतेक "मलापण" येईल.

प्रश्न : एमपीएससी करतोय. रात्री दहा वेळा वाचलेलं सकाळी गायब. स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊ का? – नांदेड

उत्तर : पैसे वाचवा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड बनवून ते एकट्यानेच पाठ केले, घड्याळाच्या टिकटिकीवर, आणि १८८५ साली सगळे आकडे छापले. पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते हे तो मोजायचा. वीस मिनिटांनी ५८ टक्के वाचायची, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे सकाळी गायब होणं हा तुमचा दोष नाही, सगळ्यांचं तसंच होतं, आणि त्याचे तर बिनअर्थाचे जोड होते, तुमच्या पंचायत राजला निदान अर्थ तरी आहे. दुसरा आकडा भिंतीवर लावा : एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे व्हायचं ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळांत व्हायचं. तेव्हा रात्री दहा वेळा नको, आज तीन, उद्या दोन, रविवारी पुस्तक मिटून एक.

प्रश्न : आमच्या ट्रेनिंगमध्ये दर वर्षी मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड दाखवतात. आधी रोटी, मग बाकी. आमच्या आजीने उपाशी राहून पोरांना शिकवलं, मग ती पिरॅमिडमध्ये कुठे? – नाशिक

उत्तर : वा! मॅस्लोच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिडचं चित्रच नाहीये, तो त्रिकोण नंतर मॅनेजमेंटवाल्यांनी काढला. उलट त्याने लिहिलंय की हा क्रम दगडावरची रेघ नाही आणि काही माणसं मूल्यांसाठी सगळं सोडून देतात. पुढच्या ट्रेनिंगला आजीचं उदाहरण देऊन हात वर करा, आणि ट्रेनर काय म्हणाले ते मला कळवा.