'क्लब टुगेदर' : इंग्रजांची कॉन्ट्री आणि आपलं क्लबिंग

तुम्ही लंडनच्या क्लायंटला 'लेट्स क्लब द टू मीटिंग्ज टुगेदर' असं लिहिलंत आणि तो गोंधळला. आता तुम्हाला वाटतंय, आपलं इंग्रजी चुकलं की काय.

मी चूक म्हणणार नाही. आपल्याकडे 'एकत्र करणे' या अर्थाने हा प्रयोग पक्का रुळलाय आणि तोही चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांत. कोर्टात एकाच विषयावरच्या चार याचिका 'क्लब' होतात. मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्यातली ६० ते ६४ ही कलमं घ्या. त्या कलमांच्या प्रकरणाचं शीर्षक 'इतरांचं उत्पन्न करदात्याच्या एकूण उत्पन्नात धरणं' अशा अर्थाचं होतं, पण कुठलाही सीए त्याला 'क्लबिंग'च म्हणेल. अल्पवयीन मुलीच्या नावावर एफडी केली, की तिचं व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचं, हे ते क्लबिंग.

ब्रिटिश माणसाच्या डोक्यात मात्र 'क्लब टुगेदर' म्हटलं की पैसे येतात. 'वी क्लब्ड टुगेदर टू बाय हर अ सायकल' म्हणजे आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून तिला सायकल घेतली. कॉलेजच्या कट्ट्यावर आपण 'कॉन्ट्री काढली' म्हणतो ना, तंतोतंत तेच. यात व्याकरणाची मेख अशी, की त्यांच्या वापरात या क्रियापदाला कर्म नसतं. माणसं क्लब टुगेदर होतात, वस्तूंना कोणी क्लब करत नाही. पुढे 'टू बाय' किंवा 'फॉर अ गिफ्ट' असं कशासाठी ते येतं, बस. आणि कर्ता अनेकवचनी हवा, निदान 'द फॅमिली'सारखा समूह तरी. एकट्याने 'आय क्लब्ड टुगेदर' होत नाही. एकट्याचा वाटा सांगायचा तर 'चिप इन' : 'आय चिप्ड इन टेन पाउंड्स'. अमेरिकन लोक तर 'क्लब टुगेदर' फारसं वापरतच नाहीत. त्यांचं 'चिप इन' किंवा 'पिच इन'वर भागतं.

तुमच्या वाक्यात कर्म होतं, दोन मीटिंगा. तिथेच तो अडखळला. त्यातून 'टुगेदर' गाळलं असतंत तर आणखी मजा. 'टू क्लब' म्हणजे सोट्याने हाणणं. मीटिंगांच्या बाबतीत ती इच्छा मलाही अधूनमधून होते, ते सोडा. नुसतं 'क्लबिंग' म्हणजे रात्री नाइटक्लबात नाचायला जाणं. तेव्हा 'माय वाइफ्स इन्कम अट्रॅक्ट्स क्लबिंग' हे वाक्य तिकडच्या माणसाला जपूनच ऐकवा.

सोटा, वर्गणी आणि मंडळ हे सगळं एकाच शब्दात कसं आलं? मूळ अर्थ सोटाच, टोकाला जाड गाठ असलेला. त्या गाठीवरून गोळा होणं, एकत्र जमणं हा अर्थ आला. सतराव्या शतकात खाणावळीत जमून खर्च वाटून घेणाऱ्या टोळक्यांना तो चिकटला. म्हणजे आपला 'एकत्र करणे' हा अर्थ काही आकाशातून पडलेला नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत त्याची मुळं आहेत, फक्त तिकडे तो मागे पडला.

मग बाहेर लिहिताना काय वापरायचं? मीटिंगांसाठी 'कंबाइन', फायलींसाठी 'मर्ज', एकाच जातीच्या गोष्टी शेजारी ठेवायच्या तर 'ग्रुप टुगेदर'. 'लंप टुगेदर' मात्र जपून. त्यात वेगवेगळ्या गोष्टी विचार न करता एकाच पोत्यात कोंबल्याचा सूर असतो. 'यू कान्ट लंप ऑल कस्टमर्स टुगेदर' ही तक्रार असते, वर्णन नव्हे. तुमच्या रिपोर्टात 'वी हॅव लंप्ड द कम्प्लेंट्स टुगेदर' असं गेलं, तर तुम्हीच आपल्या कामाला गचाळ म्हटल्यासारखं होईल.

पुण्यातल्या सहकाऱ्याला 'दोन्ही कॉल क्लब करू' असं खुशाल लिहा. लंडनला 'शाल वी कंबाइन द टू मीटिंग्ज?' एवढं पुरे.