भाकरीला काय, ब्रेडला काय : तुमचे प्रश्न, काकूंची उत्तरं

ब्रेडला नाहीतर चपातीला लावून खायच्या जगभरच्या पदार्थांबद्दल विचारा म्हटलं होतं, तर निपाणीपासून खानापूरपर्यंत पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, जे प्रश्न परत परत आलेत तेवढे घेते.

काकू, घरात पीनट बटर करालोय पण नुसता कूटच होतोय. थोडं पाणी घातलं तर गोळा झाला आणि दोन दिवसांत वास आला. काय चुकतंय? (निपाणी)

पाणी घालू नका, एक थेंबसुद्धा नको. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतंय, ते बाहेर काढायचं एवढंच काम आहे. दाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडा आणि कोमट असतानाच मिक्सरला लावा. आधी कूट होतो, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा घट्ट गोळा होतो आणि इथंच बहुतेक लोक बिघडलं म्हणून सोडून देतात, पण खरं काम तिथून पुढंच असतंय, कडा खाली ओढत, मिक्सर तापला की थोडा थांबवत फिरवत राहिलं की तेल सुटतं आणि सगळं सैल, चकचकीत होतं. मीठ शेवटी घाला. गोड पाहिजे तर पिठीसाखर घाला, गुळाला ओल असते, तो खाताना वरनं घ्या.

चार दिवसांनी वर तेल तरंगलं तर घाबरू नका, ढवळून घ्यायचं. बाटलीतल्या पीनट बटरचं तेल वर येत नाही कारण १९२२ च्या सुमारास जोसेफ रोझफील्ड नावाच्या अमेरिकन माणसानं त्यात घट्ट केलेलं तेल मिसळायची रीत काढली, त्यामुळं ते महिनोन्महिने तसंच राहायला लागलं. अमेरिकेत पीनट बटर म्हणून विकायचं तर त्यात किमान ९० टक्के शेंगदाणा लागतो, तुमच्या घरच्यात तर त्याहून जास्तच आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून पूर्ण जात नाही. दाणे विकत घेताना स्वस्त बघू नका.

मुलगी डब्यातली चपाती चॉकलेट स्प्रेडशिवाय खात नाही. बाटलीवर हेझलनटचं चित्र असतंय, म्हणजे पौष्टिकच की? (टिळकवाडी)

बाटली उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त असतं ते यादीत पहिलं लिहायचं असा नियम आहे. न्यूटेला घेतलं तर पहिली साखर, दुसरं पाम तेल आणि हेझलनट १३ टक्के. शंभर ग्रॅममधली निम्म्याहून जास्त साखर! पाम तेल घालतात कारण ते घरातल्या नेहमीच्या तापमानात लोण्यासारखं मऊ पण घट्ट राहतं.

हा पदार्थ जन्मला मात्र टंचाईतनं, आणि ते मला फार आवडतं. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इटलीतल्या तोरिनोकडं कोको मिळेना, तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या डोंगरातले हेझलनट वाटून त्यात मिसळले. दुसऱ्या महायुद्धानंतर परत तीच गत झाली आणि आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरोनं १९४६ साली कापून खायची हेझलनटची वडी काढली. पुढं ती मऊ केली आणि १९६४ ला त्याच्या मुलानं न्यूटेला या नावानं बाजारात आणली.

मुलीला एकदम बंद करू नका, आठवड्यातनं एखाद्या दिवशी द्या. बाकीच्या दिवशी वरच्या रीतीनं केलेल्या पीनट बटरमध्ये चमचाभर कोको आणि थोडी पिठीसाखर. काकवी आणि तूपसुद्धा चालेल, पण काकवी म्हणजेही साखरच, ती बेतानंच.

भाच्यानं मेलबर्नहून काळी पेस्ट आणली. आज्जीनं जाम समजून चमचाभर तोंडात घातली आणि खारट लागली म्हणून थुंकली. हे खातात कसं आणि शाकाहारी आहे का? (शहापूर)

ते व्हेजिमाइट असणार. आज्जींना सांगा शाकाहारीच आहे, बिअर करताना उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्लंडात १९०२ पासून अशीच मार्माइट नावाची पेस्ट निघाली, बर्टन गावात, कारण तिथं बिअरचे कारखाने आणि यीस्ट ढिगानं. ऑस्ट्रेलियात सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञानं व्हेजिमाइट तयार केलं आणि १९२३ ला ते विकायला आलं. चमच्यानं खायचंच नाही. गरम टोस्टला भरपूर लोणी लावायचं आणि वर सुरीच्या टोकावर मावेल एवढंच, पसरून.

पण मार्माइटशी आपल्याकडच्या बायकांचं नातं आहे ते कुणी सांगत नाही. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का कमी होतंय ते शोधायला. मार्माइट दिल्यावर त्या बऱ्या व्हायला लागल्या. त्यात असं काय आहे ते तेव्हा कळलं नव्हतं, पुढं ते फॉलिक ॲसिड निघालं, तेच जे आज प्रत्येक गरोदर बाईला गोळीतनं देतात. त्या गिरणीतल्या बायकांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, पण जगभरच्या बायकांच्या कामाला आलं ते. (गरोदर असाल तर गोळीच घ्या, पेस्टवर अवलंबून राहू नका, त्यात मीठ फार.)

आमच्याकडं संकेश्वरी मिरची दणकून होते. रंजका (ओल्या लाल मिरचीचा ठेचा) सोडून बाहेरच्या देशात लाल मिरचीचं काय करतात? (संकेश्वर)

दोन सांगते. बाल्कन देशांत, म्हणजे सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया या भागात, शरद ऋतूत ऐवार घालतात. मोठ्या, जाड, गोडसर लाल मिरच्या विस्तवावर भाजायच्या, सालं काढायची, मग मोठ्या पातेल्यात तेल घालून कित्येक तास ढवळत आटवायचं आणि बाटल्या भरून हिवाळाभर ब्रेडला लावायचं. अख्खं घर त्या कामाला लागतं. दुसरं सीरियातल्या हलब शहराचं मुहम्मरा, त्यात भाजलेली लाल मिरची, अक्रोड, ब्रेडचा चुरा आणि डाळिंबाचा आटवलेला रस.

आता खरं सांगायचं तर नुसती संकेश्वरी घालून यातलं काही जमणार नाही, ती तिखट आणि पातळ सालीची, गर मिळतच नाही. लाल ढबू भाजून घ्या, रंगाला भिजवलेली ब्याडगी आणि झणक्याला एक-दोन संकेश्वरी. डाळिंबाच्या रसाऐवजी चिंच आणि किंचित गूळ चालतोय. ज्वारीच्या गरम भाकरीवर लोणी आणि वर हे मुहम्मरा, करून बघाच!

कुंदा पातळ करून चपातीला लावला तर? (खानापूर)

अर्जेंटिनात नेमकं तेच करतात की. दूध आणि साखर तपकिरी होईपर्यंत आटवायची, नाव दुल्से दे लेचे, आणि सकाळी टोस्टला लावायचं. आपला कुंदा रवाळ असतो, ते गुळगुळीत ठेवतात, चिमूटभर सोडा घालतात म्हणून दूध फाटत नाही आणि रंगही लवकर चढतो. कुंद्यात गरम दूध घालून घोटला तर चव जवळपास तीच येईल आणि माझ्या मते आपलीच जास्त खमंग.

संक्रांतीचे तीळ उरलेत, त्याचं हम्मस करता येईल का? किती दिवस टिकतं? (चिकोडी)

तिळाचं ताहिनी होतं, हम्मसला त्याच्या जोडीला काबुली चणे पाहिजेत. पांढरे तीळ रंग न बदलता हलके भाजा, थोडं तिळाचंच तेल घालून बारीक वाटा. मग अगदी मऊ शिजलेले चणे, लिंबू, लसूण, मीठ. शिजवताना चिमूटभर सोडा घातला की सालं विरघळतात.

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यावर नको. आणि कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर कट्ट्यावर ठेवायची सवय असेल तर आजच सोडा. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथं बोटुलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरनं काहीही कळत नाही. लसूण लागेल तेवढाच, त्याच दिवशी ठेचा.