मांस सोडलं, पण दूध-अंडी चालू आहेत. मग पर्यावरणाचं आणि प्राण्यांचं नुकसान थांबतं का?

कमी होतं, थांबत नाही.

हवामानाच्या हिशोबात गोमांस सगळ्यात जड. गाय रवंथ करणारी, तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मोजणीत हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट तापवतो. पण दूध देणारी गायही ढेकर देतेच! म्हणूनच तेवढ्याच प्रथिनांमागे चीजचं उत्सर्जन सरासरीने कोंबडीच्या मांसापेक्षा जास्त भरतं. हे ऐकून बरेच शाकाहारी चिडतात.

जमिनीचं गणित त्याहून वाईट. 2018 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगातली सुमारे 83 टक्के शेतजमीन (कुरणं धरून) मांस, दूध, अंडी, मासे यांच्यासाठी जाते आणि त्यातून मिळतात जेमतेम 18 टक्के कॅलरी.

नीतीचा प्रश्न मात्र उलटा फिरतो. गाईऐवजी कोंबडी खाल्ली तर उत्सर्जन घटतं, पण तेवढ्याच मांसासाठी कितीतरी जास्त जीव मरतात, तेही जेमतेम सहा-सात आठवड्यांचे. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं निरुपयोगी, म्हणून बहुतेक ठिकाणी जन्मताच मारली जातात. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी घातली. दुधासाठी गाय वारंवार गाभण ठेवावी लागते, आणि नको असलेले गोऱ्हे बहुधा कत्तलखान्यात जातात.

माझ्या मते आधी गोमांस आणि चीज कमी करा, त्यानंतर पिंजऱ्यातली अंडी. त्या जागी डाळी, सोयाबीन.