‘मार्केट टाउन’ला मराठीत काय म्हणावे?

आयर्लंडमधील अथाय या गावाचा परिचय मराठीत लिहिताना ‘बॅरो नदीकाठचे मार्केट टाउन’ हे वर्णन कसे उतरवावे आणि त्यासाठी ‘बाजारी शहर’ चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘बाजारी’ मुळीच चालणार नाही, कारण मराठीत त्या विशेषणाला सवंगपणाचा अर्थ चिकटला आहे. सुमारे ११ हजार वस्तीच्या गावाला ‘शहर’ म्हणणेही जड होते. ‘बाजारपेठ’ हा शब्द निर्दोष आहे, परंतु तो व्यापाराच्या जागेचे नाव आहे, वस्तीच्या प्रकाराचे नव्हे. माझ्या मते येथे ‘कसबा’ हाच शब्द योजावा.

आपल्याकडील जुन्या कागदपत्रांत ‘मौजे’ आणि ‘कसबे’ असा भेद केलेला असतो. शेतीवर जगणारे साधे गाव ते मौजे, आणि जेथे बाजार भरतो, कारागीर व व्यापारी वसलेले असतात आणि आसपासच्या मुलखाचा कारभारही चालतो, तो कसबा. आयर्लंडमधील ‘मार्केट टाउन’ म्हणजेही केवळ दुकाने असलेले गाव नव्हे. बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळालेली आणि भोवतालच्या खेड्यांचा माल जेथे विक्रीला येतो अशी ती वस्ती असते.

अथायचा इतिहास पाहिला की हा अर्थ अधिक स्पष्ट होतो. किल्डेअर परगण्याच्या दक्षिण भागात, डब्लिनपासून सुमारे ७० किलोमीटरवर, बॅरो नदीला जेथे उतार, म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी उथळ जागा, होता तेथे हे गाव वसले. नावातला आयरिश शब्द ‘आह’ म्हणजे नदीचा उतारच. डब्लिनच्या आणि अ‍ॅथलोनच्या आयरिश नावांतही तो आहे. उताराच्या जागी पुढे पूल झाला आणि त्या पुलाच्या रक्षणासाठी १४१७ मध्ये व्हाइट्स कासल ही गढी उभी राहिली. १५१५ मध्ये, किल्डेअरचा नववा अर्ल (उमराव) जेराल्ड फिट्झजेराल्ड याच्या विनंतीवरून, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने अथायला सनद दिली. नदी, पूल, गढी आणि बाजार ही सारी एकमेकांना इतकी लागून आहेत की एकाचा उल्लेख टाळून दुसऱ्याविषयी लिहिता येत नाही. आजचा पूल १७९६ चा असून ‘क्रोम अबू’ या फिट्झजेराल्ड घराण्याच्या रणघोषावरून त्याचे नाव पडले आहे. पुलाजवळच्या एमिली चौकात अठराव्या शतकातील बाजारगृह आजही दिमाखात उभे आहे. १७९१ मध्ये ग्रँड कालवा येथे येऊन बॅरोला मिळाला, १८४६ मध्ये रेल्वे आली आणि आसपासच्या धान्याला, विशेषतः माल्टसाठी लागणाऱ्या जवाला, डब्लिनची वाट मोकळी झाली.

‘कसबा’ या शब्दावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कसब्याचे महत्त्व मुख्यतः महसुली कारभारातून आले, तर अथायसारख्या गावाचे सनदेतून आणि स्थानिक उमरावाच्या आश्रयातून. त्या दृष्टीने, कौल (अभयपत्र) देऊन आणि व्यापाऱ्यांना सवलती देऊन वसवलेली ‘पेठ’ अधिक जवळची ठरते. परंतु आज ‘पेठ’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर शहरातला एखादा भाग येतो, स्वतंत्र गाव येत नाही. म्हणून मी ती बाजूला ठेवली. ‘तालुक्याचे गाव’ हा सोपा वाटणारा पर्यायही टाळावा, कारण त्यातून आयर्लंडमध्ये नसलेली प्रशासनव्यवस्था सूचित होते.

तेव्हा ‘अथाय हा बॅरो नदीकाठचा जुना कसबा आहे; येथे बाजार भरवण्याचा हक्क राजसनदेने मिळालेला होता’ असे लिहावे. पुढील मजकुरात ‘कसब्यात’, ‘कसब्याचा’ अशी रूपे करावीत. ‘कसबात’ असे लिहिल्यास ते ‘कसब’ म्हणजे कौशल्य या शब्दाचे रूप होते.