पाच मुद्दे पटले, आता मंडळीत काय परत आणायचं?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर यूट्यूबवर रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या प्रोटेस्टंट परंपरेतले) उपदेश ऐकताय, कॅल्व्हिनवादाचे पाच मुद्दे (तारण सर्वस्वी देवाच्या कृपेने आणि निवडीने होतं ही शिकवण) पटलेत, पण तुमच्या मंडळीत गाणी, साक्षी आणि आशीर्वादाच्या घोषणा यापलीकडे रविवार जात नाही. जुनी रिफॉर्म्ड शिकवण आणि उपासना आजच्या मंडळीत परत आणता येते का, की सरळ मंडळीच बदलावी?

मी कोल्हापूरकडचा, आमच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून काही वर्षं सेवा केली आहे. या खटाटोपात हात पोळलेत, म्हणून लिहितो.

आधी त्या पाच मुद्द्यांचं. आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी 1610 मध्ये हॉलंडात कॅल्व्हिनवादाच्या विरोधात पाच कलमं मांडली. त्यांना उत्तर म्हणून डॉर्ट या डच शहरात भरलेल्या मंडळ्यांच्या सभेने (1618-19) पाच प्रकरणांत निर्णय दिले. म्हणजे हे एका भांडणातलं उत्तर आहे. आख्खं घर त्यात मावत नाही, ती घराची एक भिंत. गंमत म्हणजे ज्या सभेचे मुद्दे तुम्हाला आज तोंडपाठ आहेत, तिनेच मंडळ्यांना आणखी एक गोष्ट लावून दिली: दर रविवारी दुपारच्या उपासनेत पाळकाने हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (विश्वासाची शिकवण प्रश्न-उत्तरांत मांडणारं पुस्तक) समजावून सांगायची, जमल्यास वर्षात पूर्ण करायची. 1563 सालच्या त्या प्रश्नोत्तरीत 129 प्रश्न आहेत आणि ते 52 रविवारांत वाटलेले आहेत. यूट्यूबवर पहिली गोष्ट भरपूर सापडते. दुसरीबद्दल कोणी बोलत नाही, कारण तिला पाळक लागतो, मुलं लागतात, आणि पुढच्या रविवारी तीच माणसं परत यावी लागतात.

विश्वासांगीकार, म्हणजे मंडळी काय मानते त्याची लेखी मांडणी, हा शब्दच बघा. 'मला हे पटलं' असं एकट्याने म्हणायचा तो कागद नव्हे, तो मंडळीने मिळून उच्चारायचा. जुन्या रिफॉर्म्ड मंडळ्यांत पाळक त्यावर सही करत. सही कशी करायची यावर मोठा वाद झाला आहे: 'हे शास्त्राशी जुळतं म्हणून' सही करायची, की 'शास्त्राशी जुळतं तिथवर'? दुसरी सही ऐकायला नम्र वाटते, पण तिथवर म्हणजे कुठवर ते कोणीच सांगत नाही. तशी सही मी कुठल्याही पुस्तकावर करीन. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने 1892 मध्ये वेस्टमिन्स्टर अंगीकाराबाबत (प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभेने चालणाऱ्या रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जुना अंगीकार) अशीच मोकळीक दिली. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांत 1920 च्या दशकात याच प्रश्नावर भांडण पेटलं. त्यातून प्राध्यापक मेचन बाहेर पडले, 1929 मध्ये त्यांनी नवी सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) काढली आणि 1936 मध्ये वेगळी मंडळी उभी राहिली.

आपल्याकडे भांडण झालंच नाही, सगळं हळूहळू पातळ झालं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. मुंबईत त्याआधीपासून जॉन विल्सन होते, स्कॉटिश मिशनचे. 1904 मध्ये भारतातल्या अनेक प्रेस्बिटेरियनांनी एक मंडळी केली आणि 12 कलमांचा आटोपशीर अंगीकार स्वीकारला. 1924 मध्ये त्यांत काँग्रिगेशनल (आपला कारभार आपणच बघणाऱ्या) मंडळ्या मिळाल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट वगैरेंसह उत्तर भारतीय मंडळी झाली. ऐक्य वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण दर टप्प्यावर कागद लहान होत गेला, आणि माझ्या पिढीला प्रेषितांचा विश्वासांगीकार सोडून काही पाठ करायला मिळालंच नाही.

उपासनेचा भाग सगळ्यात नाजूक. वेस्टमिन्स्टर अंगीकाराचं 21 वं प्रकरण सांगतं की देवाने वचनात सांगितली तशीच त्याची उपासना करावी, माणसाच्या कल्पनेने नव्हे. मग रविवारी उरतं काय? शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, स्तोत्रं गाणं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. वेळ कुठली, बाकं की सतरंजी, माइक हवा की नको, हे मंडळीने समजुतीने ठरवावं. काही कडक मंडळी म्हणतात की फक्त स्तोत्रसंहिताच गायची. मी तिथवर जात नाही. ना. वा. टिळकांची पदं काढून टाकली तर मराठी ख्रिस्ती माणसाला गाताच येणार नाही. पण त्या कडक मंडळींचा मुद्दा मला बोचतो: जी 150 स्तोत्रं देवाने दिली, त्यांतली आपण किती गातो? आमच्याकडे 23 वं. पुढे मोजायची सोय नाही.

आता पोळल्याची गोष्ट. पहिल्या उत्साहात मी शास्त्राभ्यासात पूर्वनियोजन (कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलं ही शिकवण) काढलं, पानंच्या पानं झेरॉक्स करून वाटली, प्रत्येकाला खोडून काढलं. चार महिन्यांत तीन कुटुंबं यायची बंद झाली. त्यांतल्या एका आजींनी जाताना एवढंच विचारलं, "बाळ, तू प्रार्थना कधी करतोस?" मला उत्तर देता आलं नाही.

नंतर घरीच सुरुवात केली. रात्री जेवण झालं की ताटं उचलण्याआधी एक प्रश्न. हायडेलबर्गचा पहिलाच: जगताना आणि मरताना तुझा एकमेव आधार कोणता? उत्तर असं सुरू होतं की मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि आत्म्याने, जिवंतपणी आणि मरणातही, माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. माझ्या मुलीला ते आठवड्यात पाठ झालं, मला तीन आठवडे लागले. मग शेजारचं एक घर आलं, मग बाप्तिस्म्याच्या तयारीतली दोन मुलं. पाळकसाहेबांनी हे पाहिलं आणि आपणहून म्हणाले की तयारीच्या वर्गात हेच वापरू. आता उपदेशाआधी जुन्या करारातला एक आख्खा अध्याय वाचला जातो. गिटार अजून आहे. मला तिचा त्रास होत नाही, फक्त ती प्रार्थनेखाली वाजत राहते तेव्हा होतो.

मंडळी बदलण्याबद्दल: 1561 च्या बेल्जिक अंगीकाराचं (नेदरलँड्सकडच्या रिफॉर्म्ड मंडळ्यांचा अंगीकार) 29 वं कलम खऱ्या मंडळीच्या तीन खुणा सांगतं. शुद्ध सुवार्तेचा उपदेश, ख्रिस्ताने लावून दिल्याप्रमाणे संस्कार, आणि पाप सुधारण्यासाठी शिस्त. तुमच्या मंडळीत ड्रम आहे की नाही हे त्यात येत नाही. पण 'दशांश द्या, नोकरी लागेल' हीच सुवार्ता म्हणून सांगितली जात असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. फक्त पाळकांना एकदा घरी भेटून या, आणि हातात डॉर्ट नेऊ नका.

तुमच्याकडे बाप्तिस्म्याआधी काय शिकवतात आणि प्रभुभोजन वर्षातून किती वेळा होतं, ते खाली कळवा. पुढचं त्यावरून बोलू.