पगार कमी होतोय, पण शिकवणार कोण?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीतला आयटीचा १८ लाखांचा पगार सोडून मुंबईत ब्रोकिंग हाउसमध्ये (शेअर दलाली करणाऱ्या कंपनीत) इक्विटी रिसर्चला, म्हणजे कंपन्यांच्या शेअरचा अभ्यास करायला, ११ लाखांवर जावं का, असं विचारतेस. घरच्यांना सात लाखांचा खड्डा दिसतोय. तो आधी नीट मोजू.

२०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे ११ लाखांवर तुझा कर शून्य आणि १८ लाखांवर साधारण दीड लाख. हातातला खरा फरक साडेपाच लाखांचा, महिन्याला ४५-४६ हजार. त्यात मुंबईचं भाडं मिळव. बोनस धरू नकोस. बाजार पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. ही कमी येणारी रक्कम दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाक आणि उरलेल्यात तीन-चार महिने राहून बघ. तेवढीच गंगाजळीही साठेल.

आणि आत्ताच्या नोकरीत पाच वर्षं भरायला चारच महिने उरलेत ना? मग थांब. पाच वर्षं भरून नोकरी सोडली की ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या मूळ पगाराइतकी, महिन्याचे दिवस २६ धरून. ७५ हजार मूळ पगारावर ती दोन लाखांच्या वर जाते. पीएफ काढू नकोस, नव्या नोकरीत वळवून घे.

पैशाचं एवढंच. माझा जीव अडकलाय दुसऱ्याच प्रश्नात: तिथे तू कोणाच्या हाताखाली शिकणार? सोडलेला पगार ही तुझी फी आहे, आणि फी भरायची तर गुरू बघून. पायथन येणाऱ्या मुलांना अॅनालिस्ट म्हणून घेतात आणि वर्षभर डेटा गोळा करणारे प्रोग्रॅम लिहायला बसवतात, हे मी पाहिलंय. काम जुनंच, पैसे तेवढे कमी. म्हणून होकाराआधी थेट विचार. माझं मॉडेल, म्हणजे कंपनीच्या कमाईच्या अंदाजाचं एक्सेल, कोण तपासणार? कंपन्यांच्या व्यवस्थापनाला भेटायला मला नेणार का? रिपोर्टवर माझं नाव कधी येईल? त्या टीममधून गेल्या दोन वर्षांत कोण कोण गेलं, ते शोधून त्यांच्याशीही बोल. ज्या सीनियरला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नकोस. जो तुझं मॉडेल ओळ न् ओळ तपासून परत पाठवेल, त्याच्याकडे ९ लाखांवरही जा.

हे काम तुला रुचतं का, ते मात्र घरबसल्या कळेल. चढत्या बाजारात चार शेअर वर गेले म्हणून लागलेली गोडी फार टिकत नाही. आयटीतलीच एखादी सूचीबद्ध कंपनी घे. पर्सिस्टंट घे, इन्फोसिस घे. (तू जिथे काम करतेस ती नको. आतली माहिती डोक्यात असताना तिच्या शेअरबद्दल लिहिणं बरं नाही.) बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेली, माणसं वाढली की नफ्याच्या मार्जिनचं काय होतं, ठरलेल्या रकमेचं प्रोजेक्ट लांबलं की झळ कोणाला बसते, हे तू आतून पाहिलंयस. कॉमर्सच्या मुलांना हे सहज मिळत नाही. पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाच, तळटीपांसकट. एक्सेलमध्ये पुढच्या तिमाहीचा अंदाज बांध, दोन पानी टिपण लिही. मार्चची तिमाही सोडली तर कंपन्यांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावेच लागतात, त्यांच्याशी ताडून बघ. अंदाज चुकेल. का चुकला हे शोधत रात्री जागावंसं वाटलं, तर जा. फाइल उघडायचाही कंटाळा आला, तर हिंजवडीतच राहून बँकेच्या जोखीम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचं काम माग. त्यात कमीपणा काहीच नाही.

सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पूर्ण झाल्याशिवाय हलणार नाही, असं म्हणू नकोस. तीन पातळ्या, प्रत्येकीला तीनेकशे तासांचा अभ्यास, शिवाय सनदेसाठी ४,००० तासांचा कामाचा अनुभव लागतोच. पहिली पातळी दे आणि नीघ. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची रिसर्च अॅनालिस्ट परीक्षा मात्र आधीच उरकून टाक.

टिपण झालं की पाठव, मी वाचतो. आणि त्या सीनियरने काय उत्तरं दिली, तेही कळव.